मोठे फोटो मित्राला फुकटात, मूळ दर्जात कसे पाठवले (माझा अनुभव)

लक्षण असं: गोदावरीच्या पुरात छातीपर्यंत बुडालेल्या नाशिकच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीचे कॅमेऱ्यातले फोटो पुण्याच्या मित्राला मोठ्या प्रिंटसाठी हवे होते. चॅटवर पाठवले की फाइल आकसायची आणि झूम केल्यावर शेंदुराच्या कडा फुटायच्या. ईमेलची मर्यादा 25 एमबी, त्यात तीन-चारच बसायचे. फार वैताग आला.

शेवटी गूगल ड्राइव्हने काम झालं. फोन नको, कॉम्प्युटरच घ्या. आधी शिल्लक जागा बघा. फुकट 15 जीबी मिळते, पण जीमेल आणि गूगल फोटोजही त्यातच मोजले जातात.

सगळे फोटो एका फोल्डरमध्ये ठेवा. ड्राइव्ह उघडून ‘न्यू’, मग ‘फोल्डर अपलोड’. अपलोड पूर्ण होईपर्यंत टॅब बंद करू नका. मग फोल्डरवर राइट क्लिक, ‘शेअर’. इथेच बहुतेकांचं अडतं: ‘जनरल अ‍ॅक्सेस’खाली ‘रिस्ट्रिक्टेड’ असतं, ते बदलून ‘एनीवन विथ द लिंक’ करा, शेजारी ‘व्ह्यूअर’च राहू द्या. नाहीतर मित्राला परवानगी मागणारं पान दिसतं. ‘कॉपी लिंक’ करून पाठवा.

मित्रानेही लिंक कॉम्प्युटरवरच उघडून अख्खा फोल्डर डाउनलोड करावा, झिप (सगळे फोटो एकत्र बांधलेली एक फाइल) मिळते. फोल्डर मोठा असेल तर एकाहून जास्त झिप येतात, सगळ्या उतरवायच्या. प्रीव्ह्यूचा स्क्रीनशॉट अजिबात नको.

त्याला फोटो मिळाले की फोल्डर डिलीट करून ट्रॅशही रिकामा करा, तोवर जागा सुटत नाही.