डीटीपीचा कॉम्प्युटर लिनक्सवर न्यायच्या आधीची तयारी

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि आपल्या सांगलीत पत्रिका-बिलबुकं टाइप करून मांडणाऱ्या डीटीपीवाल्यांकडं जी मशीन आहेत त्यातली बरीच इंटेलच्या सहाव्या जनरेशनच्या प्रोसेसरची नाहीतर त्याहून जुनी, त्यांच्यावर विंडोज ११ अधिकृतपणे बसतच नाही. चांगलं चालणारं मशीन भंगारात घालू नका, विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम टाका, ४ जीबी रॅमवर पण चालतंय. पण आधी तयारी करा, आणि ती लग्नसराईत नको, निवडणुकीच्या बॅनरच्या गर्दीत तर नकोच, पितृपंधरवडा बरा, तेव्हा पत्रिकांचं काम थंड असतं.

पहिलं काम म्हणजे वही घ्यायची आणि आठवडाभर गिऱ्हाईक काय काय करून नेतं ते लिहायचं, सॉफ्टवेअरची नावं नंतर. पत्रिका, व्हिजिटिंग कार्ड, हळदीच्या अडतवाल्याची पावती पुस्तकं, अर्ज टायपिंग, फोटो साफ करणं, प्रत्येकाला पर्याय वेगळा लागतो.

सगळ्यात जास्त वेळ फॉन्टला द्या. आपली जुनी कामं श्रीलिपी, कृतीदेव नाहीतर सुरेखमध्ये केलेली असतात, ती युनिकोड नाहीत, म्हणजे फाइलच्या आत खरी अक्षरं इंग्रजीच असतात आणि मराठी दिसतं ते फक्त फॉन्टमुळं. फॉन्ट नसला की सगळी पत्रिका किचाट. म्हणून या फॉन्टच्या टीटीएफ फाइली आधी पेनड्राइव्हवर काढा, लिनक्समध्ये टाकल्या की जुनं काम बहुतेक जसंच्या तसं दिसतं (फॉन्टचं लायसन काय म्हणतं ते बघून घ्या). जो मजकूर परत परत लागतो, देवांची नावं, श्लोक, आप्तेष्टांच्या ओळी, तो विंडोज चालू असतानाच कन्व्हर्टरनं युनिकोडमध्ये करून ठेवा आणि डोळ्यांनी वाचून तपासा, रफार आणि जोडाक्षरं हमखास चुकतात.

कोरलड्रॉला पर्याय इंकस्केप, चांगलं आहे, पण कोरलची सीडीआर फाइल उघडली तरी मांडणी हलते, तेव्हा महत्त्वाच्या डिझाइनच्या पीडीएफ आणि एसव्हीजी आत्ताच काढून घ्या. छपाईला सीएमवायके (चार शायांचे रंग) लागतं त्यासाठी स्क्रायबस हे पानं मांडायचं सॉफ्टवेअर शिका. पेजमेकरच्या जुन्या फाइली लिबरऑफिस ड्रॉ उघडतं, मजकूर मिळाला तरी खूप झालं. फोटोशॉपच्या जागी गिंप, हात बसायला वेळ लागतो हे खरं. वर्ड-एक्सेलचं काम लिबरऑफिस करतं, त्यात फार अडायचं नाही.

टायपिंगला इनस्क्रिप्ट कीबोर्ड आहे, गमभनची सवय असेल तर एम१७एन (लिनक्समधला कीबोर्डांचा संच) मध्ये तो पण मिळतो, रेमिंग्टनवाल्यांनी (टाइपरायटरच्या कीबोर्डची सवय असलेल्यांनी) मात्र आधी स्वतः टाइप करून बघावं, कारण एक अक्षर जरी दुसरीकडं गेलं तरी दिवसभर बोटं अडखळतात.

प्रिंटर नीट बघा. कॅननचा एलबीपी २९०० जिकडंतिकडं आहे आणि त्याचा ड्रायव्हर लिनक्समध्ये आपोआप येत नाही, वेगळा बसवावा लागतो. एचपी १०२० ला पण प्लगइन टाकावं लागतं. टॅली आणि डिजिटल सहीचं टोकन असेल तर पर्याय शोधत बसू नका, त्यासाठी विंडोजचं एक पार्टिशन राहू द्या, इंटरनेट फक्त कामापुरतं जोडा.

हे सगळं झालं की ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर मिंट टाकून लाइव्ह चालवा, काही इन्स्टॉल न करता. वायफाय, स्कॅनर, मराठी टायपिंग, एक खरी पत्रिका उघडून प्रिंट, एवढं होतंय का बघा. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) चालू असेल तर रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. बॅकअप दोन ठिकाणी, त्यातला एक दुकानाबाहेर, आणि बॅकअपमधली एखादी फाइल दुसऱ्या मशीनवर उघडून बघितल्याशिवाय इन्स्टॉलचं बटण दाबू नका.