पिकअप गॅरेजला सोडण्याआधी

पिकअपला मोठे टायर लावायचेत म्हणून अलॉयचे (मिश्रधातूच्या रिमचे) फोटो बघून दुकानात आगाऊ रक्कम देण्याआधी ड्रायव्हरचा दरवाजा उघडा. तिथल्या स्टिकरवर टायरचं माप आणि हवा लिहिलेली असते. सगळी तयारी तिथून सुरू होते. माझ्या जुन्या व्ही-क्रॉसवर (इसुझूची पिकअप) २४५/७० आर १६ आहेत, म्हणजे रुंदी २४५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ७० टक्के आणि रिम १६ इंचांची; डोक्यात २६५/७० आर १६ होते. वहीत गणित मांडलं: जुना टायर सुमारे ७४९ मिलिमीटर उंच, नवा ७७७. म्हणजे गाडीखालची जागा वाढणार जेमतेम १४ मिलिमीटर! मीटरवर ८० दिसेल तेव्हा गाडी ८३ला पळत असेल, आणि घाटातला जोर त्याच हिशोबाने कमी होईल.

तो जोर परत मिळवायला काही जण क्राउन-पिनियन, म्हणजे चाकांच्या अ‍ॅक्सलमधली दातेरी चक्रांची जोडी, बदलतात. एवढ्याशा फरकासाठी ती बदलू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. टायर खूपच मोठे असतील आणि बदलायचंच ठरलं, तर पुढचा-मागचा दोन्ही सेट एकाच रेशोचे हवेत. क्राउनचे दात ४१ आणि पिनियनचे १० असतील तर रेशो ४.१, तो दोन्हीकडे तोच. नाहीतर फोर-व्हील टाकल्यावर पुढची-मागची चाकं एकमेकांशी भांडतात आणि ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरचा डबा) जायबंदी होतो. मिस्त्री दातांना निळा रंग लावून ठसा कुठे उमटतो ते बघतो का, हे आधी विचारा. ‘आवाजावरून कळतं’ म्हणाला, तर चहा पिऊन परत या. लिमिटेड स्लिप डिफरेन्शियल (एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला जोर देणारं) बसवणार असाल तर त्याला चालणारं ऑइलही सोबत घ्या. क्लच आणि प्रॉपेलर शाफ्टचे (अ‍ॅक्सलपर्यंत ताकद नेणाऱ्या दांड्याचे) क्रॉस, म्हणजे सांधे, याच वेळी तपासून घ्यायचे, कारण मजुरी एकदाच पडते.

आता कागद. मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२चा मुद्दा असा की कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९मध्ये तेच सांगितलं. आरटीओत आधी विचारा, विमा कंपनीला लेखी कळवा. टायर मडगार्डच्या बाहेर डोकावत असेल तर हवालदाराला टेप लावायचीही गरज पडत नाही.

रिम घेताना सहा नटांचं १३९.७ मिलिमीटर व्यासाचं वर्तुळ जुळलं म्हणजे झालं, असं नाही. मधलं भोक, ऑफसेट (रिम किती आत-बाहेर बसते ते) आणि नटाची बैठकही जुळायला हवी. मी एकदा फसलोय: रिमची बैठक निमुळती, दुकानदाराने दिलेले नट सपाट वॉशरचे. दुसऱ्या दिवशी मागून टक्-टक् आवाज. उतरून बघितलं तर भोकांभोवती अ‍ॅल्युमिनियमची करडी पूड. टायरवरचा लोड इंडेक्सही (वजन पेलण्याचा आकडा) मूळपेक्षा खाली नको. ११२ म्हणजे एका टायरला ११२० किलो. पिकअप आहे, मागे कधीतरी सिमेंटच्या गोण्या पडणारच.

स्टेपनी त्याच मापाची घ्या, आणि ती हौद्याखाली बसते का ते पैसे देण्याआधी दुकानातच लावून बघा. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून टायर कुठे घासतो का ते पाहा. नट समोरासमोरचे आवळायचे, टॉर्क पान्याने (ठरवलेल्या जोरानेच आवळणारा पाना), आणि ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा. जुने नट फेकू नका; डब्यात भरून सीटखाली ठेवा, स्टेपनी जुन्या रिमवर असेल तर तिला तेच लागतात.