आईबाबांचे डॉक्टर चार असले तरी फाईल एकच ठेवा

घरात सत्तरी ओलांडलेलं कोणी असेल आणि शुगर, बीपी, थायरॉईड, गुडघे असं सगळं एकदम असेल तर डॉक्टरही तीन-चार होतातच. प्रत्येक जण आपापलं नीट बघत असतो, पण एकाने काय लिहून दिलंय ते दुसऱ्याला माहीत नसतं. ते सांगणारं माणूस घरातलंच लागतं, आणि एकच लागतं. भावंडांनी पैसे वाटून घ्या, ने-आण वाटून घ्या, पण फाईल आणि गोळ्यांचा हिशोब एकाकडेच राहू दे, नाहीतर "मला वाटलं तू सांगितलंस" असं होऊन बसतं.

सुरुवात गोळ्यांपासून करा. एखाद्या दुपारी घरातल्या सगळ्या गोळ्या टेबलावर काढा, फ्रिजवरचा डबा, ड्रॉवर, पर्समधल्या, उशीखालच्या, आणि चूर्ण-काढे पण. प्रत्येक पानाच्या मागे बारीक अक्षरात औषधाचं मूळ नाव असतं, मोबाईलवर फोटो काढून मोठं केलं की नीट वाचता येतं. माझ्या सासूबाईंच्या डब्यात दोन वेगळ्या नावांची पानं होती आणि मागे दोन्हीवर टेल्मिसार्टन 40! एक फिजिशियनची, एक हार्टच्या डॉक्टरांची, दोन्ही रोज चालू, आणि उठल्यावर चक्कर येते म्हणून चक्करची तिसरी गोळी वर. असं काही सापडलं तर आपल्या मनाने बंद करू नका, पानं घेऊन सरळ डॉक्टरांकडे जा.

मग एका कागदावर यादी करा: मूळ नाव, किती एमजी, कधी घ्यायची, कशासाठी, कोणी दिली. खाली ॲलर्जी, झालेली ऑपरेशन्स, शेवटचं क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) आणि एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर). रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती लाल पेनने लिहा, दात काढायच्या आधी डेंटिस्टला ते कळलंच पाहिजे. एक झेरॉक्स त्यांच्या पाकिटात, एक फोटो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर.

यानंतर एक मुख्य डॉक्टर ठरवा, शक्यतो जवळचा फिजिशियन किंवा जुना फॅमिली डॉक्टर जो फोन उचलतो. कोणीही नवीन औषध दिलं की तिथेच कागद पुढे करून विचारा की ही किती दिवस घ्यायची आणि यातली जुनी कुठली बंद होणार का. बंद काय करायचं हे आपण विचारलं नाही तर सहसा राहूनच जातं.

पेनकिलरबद्दल मी फार कडक आहे. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन आणून खाणं आपल्याकडे सर्रास चालतं, पण आधीच टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी आणि लघवी जास्त होऊन अंगातलं पाणी काढणारी गोळी चालू असेल तर हे तिघं मिळून किडनीला त्रास देतात, त्यात जुलाब-उलट्या झाल्या किंवा उन्हाळ्यात पाणी कमी गेलं तर जास्तच. म्हणून दुखण्याची गोळी पण डॉक्टरांना विचारूनच.

उपवासाचं तसंच. ग्लिमेपिराइडसारखी शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना एकादशीला काही खाल्लं नाही तर शुगर एकदम खाली येऊ शकते, म्हणून चातुर्मास सुरू व्हायच्या आधीच डोस विचारून ठेवा. घाम, थरथर, असंबद्ध बोलणं असं दिसलं तर लगेच शुगर तपासा, 70 च्या खाली असेल आणि गिळता येत असेल तर तीन छोटे चमचे साखर पाण्यात घालून द्या, 15 मिनिटांनी परत बघा. बेशुद्ध असतील तर तोंडात काहीही घालू नका, 108 ला फोन करा.

बीपी घरी मोजताना एकदा बसून आणि एकदा उभं राहिल्यावर दोन-तीन मिनिटांत मोजा. वरचा आकडा 20 किंवा जास्त उतरत असेल तर लिहून डॉक्टरांना दाखवा, म्हातारी माणसं पहाटे बाथरूमला जाताना पडतात त्यामागे बऱ्याचदा हेच असतं. थायरॉईडची गोळी उपाशीपोटी, चहाच्या अर्धा-एक तास आधी, आणि कॅल्शियम तिच्यापासून चार तास लांब. शुगर असेल तर डोळ्यांचा पडदा, पाय आणि लघवीतलं प्रोटीन वर्षातून एकदा तरी तपासायचं, तारखा कालनिर्णयवर लिहून टाका.

हॉस्पिटलमधून घरी आणलं की त्याच दिवशी डिस्चार्ज कार्ड आणि आपली यादी शेजारी ठेवून जुळवा, कारण तिथे ब्रँड बदललेला असतो आणि घरी जुनी-नवी दोन्ही सुरू होतात. 70 च्या पुढच्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड आधीच काढून ठेवा, उत्पन्नाची अट नाही, वर्षाला 5 लाखांपर्यंत ॲडमिट झाल्यावरचा खर्च निघतो. ओपीडी आणि रोजच्या गोळ्या त्यात येत नाहीत, त्यासाठी जनऔषधी दुकान बघा.

आणि डॉक्टरांसमोर आधी आईबाबांना बोलू द्या. लघवी आवरत नाही, गोळी परवडत नाही म्हणून अर्धी घेते, गेल्या आठवड्यात पडले होते, हे मुलासमोर कोणी सांगत नाही, तेव्हा पाच मिनिटं आपण बाहेर बसायचं.