परत बोलावलेले टायर: पैसे मिळवायचे तर आधी फोटो काढा

दोष आढळल्याने कंपनीने टायर परत बोलावले, पण आपण ते आधीच स्वखर्चाने बदललेले. मग पैसे मागताना पुरावाच नसतो. चवथीआधी गाडीचे चारही टायर बदलले तेव्हा या गोष्टी लक्षात आल्या.

१. टायर उतरवण्याआधी बाजूवरच्या 'डॉट' (DOT) अक्षरांपुढच्या पूर्ण क्रमांकाचा फोटो घ्या. शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष: २३१९ म्हणजे २०१९चा २३वा आठवडा. हे चार आकडे बरेचदा टायरच्या एकाच बाजूला असतात, तीही नेमकी आतली. पावसाळ्यात तांबड्या चिखलाने अक्षरं बुजतात. ओल्या फडक्याने पुसून वर खडू फिरवा, आकडे स्पष्ट उठतात.

२. जीएसटीचं पक्कं बिल घ्या. त्यावर गाडीचा नंबर, किलोमीटर, टायरचा साईज हवाच. बसवणं, बॅलन्सिंग वेगळं लिहून घ्या.

३. जुने टायर दुकानात सोडू नका. म्हापशाच्या दुकानदाराने त्यांचे थोडे पैसे वजा करतो म्हटलं, तरी मी घरी आणले. कंपनी तेच मागू शकते.

कंपनीकडे पैसे मागण्याच्या अर्जासोबत बिलाची झेरॉक्सच द्या, पोच घ्या. टाळाटाळ झाली तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

मात्र घरी ठेवलेले ते जुने टायर स्टेपनी म्हणूनसुद्धा वापरू नका.