मे महिन्यात सांधण दरी करायचीय? सोलापूरकरांसाठी थोडं सविस्तर

आपल्याकडं पारा ४३ वर असतो तेव्हा सांधण दरीत उतरलं की अंगावर काटा येतो, इतकं गार. दोन्ही बाजूला दोनशे-तीनशे फूट सरळसोट कातळ, मधली वाट कुठं कुठं इतकी अरुंद की ऊन तळापर्यंत पोचतच नाही.

सुरुवात साम्रद गावातनं, भंडारदऱ्याजवळ, अकोले तालुका. हुतात्मा एक्सप्रेसनं पुणे गाठा आणि पुढं संगमनेर, अकोले, राजूर, शेंडी, पण शेंडीनंतर एसटीच्या भरवशावर राहू नका, पाच-सहा जणांनी मिळून गाडी केलेली बरी. रात्री गावातच मुक्काम करा, घरगुती जेवण मिळतं. सोलापुरी चादर घ्याच, पहाटे लागते.

सकाळी सातला दरीत शिरा, गावातला माणूस वाटाड्या म्हणून सोबत घेऊन. आणि शिरायच्या आधी त्याला एकच विचारा, आज वळीव येईल का? कारण वरच्या पठारावर पडलेलं सगळं पाणी ह्याच फटीतनं खाली येतं आणि बाजूला चढून जायला जागाच नसते. ढग दाटलेले दिसले तर आत जाऊच नका, चारशे किलोमीटर आलोय म्हणून तर अजिबात नको.

आत सगळे धोंडेच धोंडे. पाय टाकायच्या आधी धोंडा पायानं हलवून बघायचा, डुगडुगला की दुसरा शोधायचा. शेवाळ आलेल्या काळ्या दगडावर कितीही भारी बूट असू दे, घसरतोच, माझा मित्र नवे जॉगिंगचे शूज घालून आलेला आणि पहिल्याच डोहाशी कोपर सोलून घेतलं बिचाऱ्यानं. ट्रेकिंगचेच बूट घाला, आणि ते भिजणार हे धरून चाला. डोहातलं पाणी मे मध्ये कमी असतं तरी दुसऱ्या डोहात कधी कधी कमरेला लागतं. तिथं सॅक डोक्यावर घ्यायची, मोबाईल आधीच प्लास्टिकच्या पिशवीत बांधून, आणि एका हातानं भिंत धरून पाय घासत घासत पुढं सरकायचं, उचलून टाकायचा नाही. हे पाणी पिऊ नका, माणशी तीन लिटर गावातनंच भरून घ्या.

आरडाओरडा नको, कातळाला आग्या माश्यांची पोळी असतात.

जिथनं पुढं दोर लावून उतरावं लागतं तिथनं मागं फिरायचं, रॅपलिंग वेगळं प्रकरण आहे, त्याला जाणकार टीम पाहिजे. तिथंच सपाट दगड बघून बसा आणि कडक भाकरी, शेंगाचटणीची शिदोरी सोडून खा. परतीला सगळा चढच आहे, पोटात काहीतरी पाहिजे.