पेशंटजवळ थांबताय? हॉस्पिटलमधल्या बॅक्टेरियापासून त्याला असं जपा

आईला ॲडमिट केलं तेव्हा पहिले दोन दिवस माझं सगळं लक्ष औषधं आणि रिपोर्टकडे. तिसऱ्या दिवशी एका सिस्टरनी मला थांबवलं, म्हणाल्या ताई, आत्ता रेलिंग धरलं होतंत ना, तोच हात सलाईनच्या सुईला नका लावू. तेव्हापासून कोणाच्याही घरचं माणूस ॲडमिट झालं की मी हेच सांगत बसते.

ॲडमिट झाल्यावर ४८ तासांनंतर जे नवीन इन्फेक्शन दिसतं ते सहसा हॉस्पिटलमधलं धरतात. यातले बरेच बॅक्टेरिया हातावरून फिरतात, आणि काही तर भलते चिवट असतात, ॲसिनेटोबॅक्टर कोरड्या पृष्ठभागावर कित्येक आठवडे तग धरतो, स्यूडोमोनासला ओल लागते म्हणून तो सिंकमध्ये, नळाशी सापडतो.

म्हणून पेशंटला हात लावायच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा हात साफ करा. सॅनिटायझर असेल तर २० ते ३० सेकंद, साबण-पाणी असेल तर सगळं मिळून ४० ते ६० सेकंद, अंगठा आणि बोटांची टोकं हमखास राहतात तिथे नीट चोळा. पण पेशंटला जुलाब होत असतील तर सॅनिटायझरवर अजिबात भरवसा ठेवू नका, कारण क्लोस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल नावाचा बॅक्टेरिया स्पोअर, म्हणजे कडक कवचातली झोपलेली रूपं, बनवतो आणि ते अल्कोहोलने मरत नाहीत, साबणाने घासून पाण्याने धुवूनच घालवावे लागतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं, नळ्या. लघवीची नळी, सलाईनची सुई, मानेतली लाईन (मानेच्या मोठ्या शिरेत घातलेली नळी), शरीरात शिरायचे हे सरळ रस्ते आहेत, आणि नळीच्या आतून बॅक्टेरियाचा चिकट थर बसला की अँटिबायोटिकही तिथे नीट पोचत नाही. लघवीची पिशवी कायम कमरेच्या खाली लटकलेली हवी पण जमिनीला टेकलेली नको. एक्सरेला नेताना स्ट्रेचरवर घेतात ना, तेव्हा पिशवी उचलून पेशंटच्या पोटावर ठेवतात, मी स्वतः बघितलंय, नळीतली लघवी उलटी आत जाताना दिसते! तिथे गप्प बसू नका, पिशवी खाली घ्यायला सांगा. आणि रोज सकाळी राउंडला डॉक्टरांना एकच प्रश्न विचारा, ही नळी अजून लागणारे का? कामाच्या गडबडीत नळी उगाच राहून जाते आणि जितके दिवस राहते तितका धोका वाढतो.

सुईची जागा दिवसातून दोनतीनदा बघा, लाल, गरम, सुजलेली वाटली किंवा पेशंटला हुडहुडी भरून ताप आला तर लगेच सिस्टरना सांगा, उद्यावर ढकलू नका. ऑपरेशनची पट्टी स्वतः उचकून बघू नका. व्हेंटिलेटर असेल तर डोक्याकडची बाजू साधारण ३० ते ४५ अंश वर ठेवतात, ती सपाट दिसली तर विचारा, आणि तोंडाची स्वच्छता रोज होतेय ना तेही. सर्दी-खोकला असलेल्या नातेवाइकांना फोनवरच भेटायला सांगा, वाईट वाटलं तरी चालेल.

अँटिबायोटिक कुठलं द्यायचं हे शक्यतो कल्चर रिपोर्ट (कुठला बॅक्टेरिया आहे आणि त्यावर कुठलं औषध चालेल हे सांगणारी तपासणी) बघून ठरतं, त्यामुळे जास्त स्ट्राँग द्या म्हणून मागे लागू नका, एमआरएसएसारखे बॅक्टेरिया आधीच बऱ्याच औषधांना दाद देत नाहीत.

डिस्चार्जच्या वेळी नळी तशीच ठेवून घरी पाठवत असतील तर ती कधी बदलायची आणि काय दिसलं तर ताबडतोब यायचं, हे कागदावर लिहून घ्या.