आईला मदत करायचीय? मग अशी करा

घरात ऑटिझम किंवा सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा कमी असणं) असलेलं मूल असलं की सल्ले द्यायला सगळे पुढे, काम वाटून घ्यायला कोणी नाही. त्यामुळे "काही लागलं तर सांग" म्हणणं आधी बंद करा, ती सांगणार नाहीये. सरळ ठरवून टाका, मंगळवारी थेरपीला काका नेणार, रविवारी दोन तास मूल आजीकडे, त्या वेळात आई झोपेल नाहीतर मोबाईल बघत बसेल, विचारायचं नाही. पण आजीने आधी शिकून घ्यायचं हं, मिक्सरच्या आवाजाला पोरगं कान झाकतं का, वरण-भात कालवलेला चालतो का वगैरे. आणि "गरोदरपणात तूच काहीतरी चुकलीस" म्हणणाऱ्या आत्याबाईंना नवऱ्यानेच गप्प करायचं, ते सुनेवर ढकलू नका!

कागदपत्रं दुसऱ्या कोणीतरी अंगावर घ्या. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढा, मग नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेची निरामय योजना, १ लाखापर्यंतचा आरोग्य विमा आहे, त्यात थेरपीचा खर्चही ठराविक मर्यादेत मिळतो, फक्त रिन्यू करायला विसरू नका. मूल १८ चं झालं की कायदेशीर पालकत्वासाठी नॅशनल ट्रस्टच्या जिल्ह्यातल्या स्थानिक समितीकडे अर्ज करायचा, तेव्हा सहीला भावंडांनाही सोबत न्या.